पाच नंबरचं पिस्तूल

अनघाला हे माहीत नाही. चोवीस वर्षांच्या संसारात माझं तिला काय माहीत नाही असं कुणी विचारलं तर ती हसेल — माझी शुगर, माझं घोरणं, कुणाचा फोन आला की मी बाथरूममध्ये जातो, सगळं पाठ. पण हे नाही. आईलाही सांगितलं नव्हतं, आणि ती आता नाही. मित्र म्हणावेत असे दोघे-तिघे आहेत, त्यांनाही नाही. मग तुम्हाला का? खरं सांगू — काही ठरवून बसलेलो नाही. दमलोय. एवढंच.

गोष्ट एका पिस्तुलाची आहे. घाबरू नका, कुणी मेलं नाही. पण हे ‘कुणी मेलं नाही’ मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच त्याचा वीट आलाय.

मी नाशिकचा. कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फिरती यंत्रं तपासायचं काम करतो — पंप, कॉम्प्रेसर, त्यांची बेअरिंगं. यंत्राजवळ उभं राहायचं, हात लावायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही. इतकी वर्षं हेच केलं. मी ‘ठीक आहे’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. हे सांगायलाच हवं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मला कळलं नसेल. मला कळलं होतं. कळणं हेच तर माझं काम.

नेमबाजीचा नाद मला चाळिशीनंतर लागला. एका शुक्रवारी ऑफिसातल्या एकाने शहराबाहेरच्या रेंजवर नेलं. काउंटरवर बताका — म्हणजे आपलं ओळखपत्र — ठेवायचा, पिस्तूल आणि गोळ्या घ्यायच्या, कानांवर मफ चढवायचे आणि समोरच्या कागदी गोलावर नेम धरायचा. हॉलमध्ये एसी, बाहेर धुळीचं वादळ. पहिल्याच दिवशी दहातल्या सात गोळ्या काळ्या गोलात लागल्या. रेंजचे कॅप्टन — इजिप्तचे, फौजेतून निवृत्त झालेले, कमालीचे शांत गृहस्थ — माझा कागद उजेडाला धरून म्हणाले, “तुझा हात चांगला आहे.” अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो मी. शाळेत, कॉलेजात, नोकरीत कधी कशात पहिला आलो नव्हतो. त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं तिथे जात राहिलो. हसू येतं ना? मलाही यायचं.

हळूहळू तिथे येणाऱ्या नव्या लोकांना मी सल्ले द्यायला लागलो. नवा माणूस आला की त्याचं लक्ष आधी मोठ्या, काळ्या, जड पिस्तुलाकडे जातं. मी त्याला ओढून पॉइंट टू-टूच्या ट्रेकडे न्यायचो. सांगायचो — बाबा रे, सुरुवातीला बारीक गोळीचं घे. धक्का कमी, आवाज कमी, म्हणजे डोळे मिटायची सवय लागत नाही. हातात धर, मनगट वाकवून बघू नकोस, सरळ उचल. मूठ पूर्ण बसते का, बोट ट्रिगरपर्यंत न ताणता पोचतं का. फार हलकं नको, हलकं पिस्तूल थरथरतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — दिसायला कसंही असो, ते दर वेळी तसंच चाललं पाहिजे. शंभर गोळ्यांतली शंभरावीही पहिलीसारखी सुटली पाहिजे. नवशिक्याचं पिस्तूल अडखळलं तर तो पिस्तुलाला दोष देत नाही, स्वतःला देतो. हात आखडतो, मन घाबरतं, आणि मग तो परत येत नाही.

हे वाक्य माझंच. शब्दन्‌शब्द माझं.

ट्रेमध्ये भाड्याची सहा पिस्तुलं होती, मुठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेली. त्यांतलं दोन नंबरचं म्हणजे देवमाणूस. रंग उडालेला, मूठ झिजलेली, पण कधी कुरकुर नाही. पाच नंबर नवं, देखणं, आणि हलकं. त्याच्याकडे सगळ्यांचा हात जायचा.

आता मंगलबद्दल सांगतो. सांगायला हवंच — सांगू नये असं वाटतंय तरी.

अनघाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात एक सिस्टर आली आणि सलाईन लावता लावता म्हणाली, “वहिनी, मूठ सैल सोडा की. मी हाय न्हवं.” परक्या मुलखात, भूल उतरत असताना, असं मराठी कानावर पडलं आणि अनघा चक्क रडली. ती मंगल. मिरजेची. अकरा वर्षं कुवेतमध्ये, हवल्लीत दोन मल्याळी नर्सेसबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायची. नवरा अपघातात गेलेला, मुलगी मिरजेला आजीजवळ. त्या आठवड्यात तिने अनघाचं जे केलं ते पगारी माणूस करत नाही. ड्यूटी संपल्यावर येऊन वेणी घालून द्यायची. मग ती सालव्याला आमच्या घरी यायला लागली — जेवायला, सणावाराला. मला दादा म्हणायची, अनघाला वहिनी. आमची मुक्ता तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरात आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मंगलशी मात्र मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलायची. का, ते मला कधी कळलं नाही. मला थोडं लागायचंही.

एकदा जेवताना मी नेहमीसारखा पिस्तुलांचं पुराण लावून बसलो होतो. मंगल म्हणाली, “दादा, मलाबी शिकवा की.” सगळे हसले. ती नाही हसली.

नेलं. हातात दोन नंबर दिलं. उभं कसं राहायचं, श्वास कधी अडवायचा, ट्रिगर ओढायचा नाही तर हळूहळू दाबत न्यायचा — सगळं शिकवलं. तिला फार सांगावं लागत नव्हतं. लहान बाळाच्या हाताची शीर शोधणारी बोटं ती; थरथर नावाचा प्रकारच नव्हता. मी तिला विचारलं होतं, काय आवडतं तुला यात? म्हणाली, “ते कानावरचं चढवलं का न्हाई, कुणाची हाक ऐकू येत न्हाई. अकरा वर्षांत पयल्यांदा.”

चार महिन्यांत ती माझ्या बरोबरीला आली. सहाव्या महिन्यात पुढे गेली.

तिने कधी मिरवलं नाही. कागद माझ्यापुढे धरून विचारायची, “बरं हाय का दादा?” — खरोखर विचारायची. मी म्हणायचो, छान. आणि गाडीत बसल्यावर सालव्यापर्यंत रेडिओ लावून ठेवायचो. एकदा कॅप्टननी तिचा कागद उजेडाला धरला आणि तेच म्हणाले — “हिचा हात चांगला आहे.” तेच वाक्य! आणि मुक्ता काचेमागून टाळ्या वाजवत होती. परतताना म्हणाली, “बाबा, शी इज बेटर दॅन यू.” सहज म्हणाली. पोरं म्हणतात. एखाद्या वयस्क, शहाण्या माणसाने हसून सोडून दिलं असतं, नाही का? मी आरशात बघून लेन बदलली.

आता पाच नंबर.

रेंजवर एक स्पर्धा होणार होती, तिच्या पंधरा-वीस दिवस आधीची गोष्ट. मी गंमत म्हणून पाच नंबर घेतलं होतं. पहिल्या दोन मॅगझिन — दहा-दहा गोळ्यांच्या — मस्त गेल्या. विसाव्या-पंचविसाव्या गोळीला ट्रिगर दाबला तर साधं खट्टही नाही, काहीच नाही. बघितलं — वरचा सरकता भाग, स्लाइड म्हणतात ती, पूर्ण पुढे आली नव्हती. केसभर मागे राहिली होती. अंगठ्याने ढकलली, बसली. पुन्हा चार गोळ्यांनी तेच. थंड होऊ दिलं, पुन्हा सुरुवात केली — पहिल्या वीस गोळ्या बिनबोभाट. माझ्या लक्षात आलं: स्प्रिंग दमलीये. तापून आत काजळी धरली की ती पुरेशी ढकलत नाही. गार असताना कुणालाही सापडणार नाही असा दोष. आमच्याकडे असल्या पंपाला मी सगळ्यांत जास्त घाबरतो — जो तपासायला गेलं की शहाण्यासारखा वागतो.

कॅप्टनना सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी ते नमाजाला गेले होते, म्हणून राहिलं. पुढच्या शुक्रवारी ते समोर होते. तेव्हा का राहिलं? — विसरलो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. स्पर्धा जवळ आली होती, आणि माझ्या मनात कुठेतरी ही माहिती मी जपून ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा मीही स्वतःला विचारलं नाही. विचारायचं टाळलं की काय होतं, माणूस निष्पाप राहतो?

स्पर्धा कसली — हौशी लोकांची, तीस गोळ्यांची, भाड्याच्या पिस्तुलांवर. जिंकणाऱ्याला एक छोटा कप. सकाळी हवल्लीहून मंगलला घेतलं, मुक्ता मागे बसली होती. मंगल खुशीत होती. मुलीला इकडे आणायचे तिचे कागद पुढे सरकले होते; अनघाने सालव्यातल्या शाळेत चौकशी करून ठेवली होती. वाटेत ती मुक्ताला विचारत होती, “शाळेत मराठी बोललं तर चालतं का गं? का लाज वाटंल तिला?”

काउंटरवर पोचलो तेव्हा बाकीची चार पिस्तुलं गेली होती. ट्रेमध्ये दोन उरली होती — दोन आणि पाच. मंगलचा हात सवयीने दोन नंबरकडे गेला. ती त्याच्यावरच शिकली होती. दुसरं तिने कधी धरलंही नव्हतं.

मी म्हणालो, “आज पाच घे. दोनचा नेम डावीकडे जायला लागलाय. हे हलकं आहे, तुझ्या हाताला बसेल.”

दोनचा नेम कुठेही जात नव्हता.

ती म्हणाली, “बरं दादा.” आणि पाच उचललं. तेवढंच. एकदा मान वर करून तिने ‘खरंच?’ म्हटलं असतं तर मी माघार घेतली असती का? माहीत नाही. तिने म्हटलं नाही. तिचा भरवसा होता. यंत्राविषयी दादांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. दोन नंबर मी घेतलं.

मला काय हवं होतं, हे स्पष्ट सांगतो. ती जखमी व्हावी, कुणी जखमी व्हावं — हे नाही. मला तिचे चार-पाच नेम वाया जायला हवे होते. तिने गोंधळावं, तिचा हात आखडावा, आणि मुक्ताने काचेमागून ते बघावं. बस. इतकी लहान गोष्ट. लहान आहे म्हणून ती कमी वाईट आहे, असं मला वाटत नाही. उलट.

आम्ही शेजारशेजारच्या खणांत उभे होतो. पहिल्या वीस गोळ्या तिच्या सुरेख गेल्या — मधल्या पडद्याच्या कडेने मला तिचा कागद दिसत होता. मी तिच्या गोळ्या मोजत होतो. कदाचित आज नाही अडकणार, असं वाटलं. आणि त्याने सुटका झाल्यासारखं वाटलं नाही, राग आला. हेही सांगून टाकतो.

तेविसाव्या की चोविसाव्या गोळीला अडकलं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. अडकलं तर काय करायचं — नळी समोरच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, हात वर करून कॅप्टनना बोलवायचं — हे मी तिला तोंडी एकदा सांगितलं असेल, नसेल. करून घेतलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. दोन नंबर कधी अडकलंच नव्हतं. आणि हे माहीत असूनही मी तिच्या हातात पाच दिलं.

ती वळली. पिस्तूल हातात घेऊन माझ्याकडे वळली — दुसऱ्या कुणाकडे वळणार? “दादा, ह्याला काय झालंय बघा की,” म्हणाली, आणि डाव्या तळव्याने स्लाइड ढकलली. ती बसली. तिचं बोट अजून आतच होतं.

आवाज तोच, रोजचाच. फक्त दिशा चुकलेली. गोळी सिमेंटच्या फरशीवर आपटून फुटली आणि तिचा एक तुकडा मागून धावत येणाऱ्या कॅप्टनच्या पोटरीत शिरला.

पुढे जे झालं ते मला अजून तुकड्यातुकड्यानेच आठवतं. मंगलने पिस्तूल खाली ठेवलं — नीट, नळी समोर करून. मग ती गुडघ्यावर बसली, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कात्रीने कॅप्टनची पँट कापली, स्वतःची ओढणी दाबून धरली आणि अरबीत त्यांना काहीबाही सांगत राहिली — घाबरू नका, खोल नाही, माझ्याकडे बघा. हात स्थिर होते तिचे. तिचे स्थिर हात मी शेवटचे तेव्हाच पाहिले, पण हे मला त्या दिवशी कळायचं नव्हतं.

रक्त आलं की नोंद करावी लागते. मख्फरातून — आपल्या पोलीसचौकीतून — दोन माणसं आली. रेंजच्या मॅनेजरने त्यांच्यासमोर पाच नंबरमधून दहा गोळ्या उडवून दाखवल्या. दहाही सरळ गेल्या. तोवर ते गार झालं होतं. मी तिथे उभा होतो. त्या क्षणी त्या हॉलमध्ये एकच माणूस सांगू शकत होता की दहा नाही, तीस उडवा.

मग मॅनेजरने मंगलला विचारलं, तू तर नेहमी दोन नंबर घेतेस, आज हे का? ती म्हणाली, दादांनी सांगितलं. तो माझ्याकडे वळला. इंग्रजीत विचारलं, तू सांगितलंस?

मी म्हणालो, नाही. तिने स्वतः निवडलं.

का? तुम्ही विचाराल. इकाम्याची — इथल्या राहण्याच्या परवान्याची — भीती, नोकरीची भीती, मुक्ता शेजारी उभी होती — सगळं खरं. पण त्या सगळ्याच्या आधी तोंडातून ‘नाही’ निघालं होतं. कारणं मागून आली.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. औषध घेतलं का म्हणून विचारल्यावर पेशंट ‘घेतलं’ म्हणतो आणि गोळी उशीखाली असते, तेव्हा नर्स त्याच्याकडे कशी बघत असेल, तसं काहीसं. मग ती पोलिसांना म्हणाली, माझीच चूक झाली. नियम मी मोडला.

मी मुक्ताला घेऊन घरी निघालो. सिग्नलला म्हणाली, “बाबा, यू टोल्ड हर फाइव्ह. आय वॉज स्टँडिंग राइट देअर.”

मी म्हणालो, “तुला चुकीचं ऐकू आलं. केवढा आवाज होता तिथे.”

“देअर वॉज नो नॉइज ॲट द काउंटर.”

“मुक्ता, पुरे.”

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. आता ती शिकायला बाहेर आहे, आठवड्याला फोन करते, आईशी अर्धा तास बोलते. माझ्याशी तब्येत आणि हवा.

कॅप्टन महिन्याभरात बरे झाले आणि त्यांनी तक्रार मागे घेतली. पण मख्फरातलं प्रकरण हॉस्पिटलात पोचलं होतं. मंगलचं कॉन्ट्रॅक्ट त्या उन्हाळ्यात संपत होतं. ते पुढे वाढवलं नाही. कारण कुणी लेखी दिलं नाही. मुलीचे कागद तिथेच थांबले. आपल्या लोकांत चर्चा झाली — बायामाणसांना कशाला हवं पिस्तूल, निष्काळजी निघाली, बिचारा कॅप्टन. मी त्या चर्चांत बसलेलो असायचो. एकदा मी मानही हलवली. अनघा तिला विमानतळावर सोडायला गेली. मी ड्यूटी बदलून घेतली होती.

त्यानंतर मी स्वतःला काय काय समजावलं असेल! मुलीला तिची आई मिळाली, बरंच झालं. परदेशात किती दिवस राहिली असती. बोट ट्रिगरवर तिनेच ठेवलं होतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर मोठी सोय होती.

गेल्या वर्षी सुट्टीवर असताना एका लग्नासाठी सांगलीला गेलो. अनघा म्हणाली, मिरज एवढी जवळ आहे, मंगलला भेटून या. मला लग्नघरातून निघता येणार नाही. नको कसं म्हणणार? तिनेच फोन करून पत्ता घेतला.

दोन खोल्यांचं घर. मंगल जाड झाली होती, केस पांढरे. “दादा!” म्हणून ती दारातच पाया पडायला वाकली, मी मागे सरलो. मुलगी कॉलेजात होती. मंगलने पोहे केले, चहा केला. वहिनींचं विचारलं, मुक्ताचं तर दहादा विचारलं — “मराठी बोलती का अजून?” मी म्हणालो, बोलते.

चहाचा कप माझ्या हातात दिला तेव्हा बशीत चहा सांडला. तिने पदराने बशी पुसली आणि म्हणाली, “हे असं हाय बघा आता.” मग सांगितलं — एका लहान नर्सिंग होममध्ये आहे, पण केसपेपर आणि औषधांचं बघते. सुई धरत नाही. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाळाला सलाईन लावायला गेली आणि हात थांबेना. डॉक्टर म्हणाले, नसांचं काही नाही, मनाचं आहे. “त्या माणसाच्या पायातून रगत माझ्या हातानं आलं न्हवं दादा. आयुष्यभर रगत थांबवलं मी. ते डोक्यातनं जात न्हाई.”

मी पोह्यांची बशी जवळ ओढली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “एक विचारू? राग न्हाई ना यायचा? तुम्ही तवा न्हाई म्हनला — मी सांगितलंच न्हाई म्हनून — त्याचं मला काय न्हाई. पोरगी हुती तुमच्या संगं, घाबरला असाल. मीबी घाबरले असते. ते मी तवाच सोडलं.” मग अगदी हळू, रिपोर्ट काय आला म्हणून डॉक्टरला विचारावं तसं विचारलं, “पर ते पिस्तूल अडकतं, हे तुम्हाला ठावं हुतं का?”

आता बघा. तिथे पोलीस नव्हते. मॅनेजर नव्हता, मुक्ता नव्हती, इकामा नव्हता. माझं काहीही जाणार नव्हतं. आणि मला दिसत होतं की ती माझा गुन्हा शोधत नाहीये. ती स्वतःचे हात शोधतेय. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ती गोळी तिच्या हाताने नाही, माझ्या तोंडाने सुटली होती, हे तिला कळलं असतं. कदाचित त्या हातांनी पुन्हा सुई धरली असती. कदाचित नसती. पण तिला विचार करायला दुसरं काहीतरी मिळालं असतं.

मी म्हणालो, “नाही गं. मला कसं माहीत असणार?”

तिने मान हलवली. दोनदा. “तेच,” ती म्हणाली. “मी म्हनलंच. तुम्हाला ठावं असतं तर तुम्ही दिलंच नसतं.” आणि मग, स्वतःशीच, “म्हंजे माझंच.”

मी चहा संपवला. पोहे संपवले. ती रिक्षापर्यंत सोडायला आली, वहिनींसाठी घरच्या चटणीची पुडी दिली. अनघाने ती कुवेतला आणली, आम्ही खाल्ली. चांगली होती.

मंगलचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दुपारी दोन ते चार ती घरी असते, तेही तिनेच सांगितलं होतं — कधीही लावा म्हणाली. मी लावलेला नाही.